किल्लीचं घड्याळ

२ मार्च
आजपासून घड्याळखरेदी बंद. कायमची. ड्रॉवर लागत नाही आता. शिवाय हल्लीच्या घड्याळांत राम राहिलेला नाही. कंपनीने हिरवी डायल काढली की दुकानाबाहेर रांग. लोक वेळ बघायला नाही, फोटो टाकायला घेतात. यावर माझ्या घड्याळांच्या सदरात खरमरीत लिहायचं. उद्या. आज कंटाळा आलाय.

४ मार्च
कुरिअर आलं. जुनं, हिरव्या डायलचं. हे बंदीच्या आधी ठरलं होतं, त्यामुळे धरायचं नाही.

७ मार्च
लेकीची परीक्षा ९ तारखेपासून. फोन नेता येत नाही, हॉलमध्ये घड्याळ नाही. बायकोने स्टेशनरीच्या दुकानातून प्लास्टिकचं, बॅटरीचं आणलं. घड्याळांवर लिहिणाऱ्याच्या मुलीच्या हातात हे? माझ्या पहिल्या पगाराचं, किल्लीचं देणार म्हणालो. बायको म्हणाली, पेपर लिहायचाय, प्रदर्शन नाही भरवायचं. दुर्लक्ष केलं.

८ मार्च
घड्याळ दिलं. किल्लीला हात लावायचा नाही, असं परत परत बजावलं. नवख्या हाताने स्प्रिंग जाते. रोज सकाळी मीच देईन. लेक बरं म्हणाली, मग कितीतरी वेळ ते कानाला लावून बसली. माझ्या एखाद्या वस्तूत तिने इतका रस घेऊन जमाना झाला. फार बरं वाटलं.

९ मार्च, सकाळी
संपादकांना दुपारपर्यंत लेख हवाय. विषय सुचला: 'रोज सकाळी किल्ली देण्यातलं सुख'. झरझर उतरतोय. लेक निघताना दारातून काहीतरी म्हणाली. मान न वळवता हात हलवला.

९ मार्च, संध्याकाळी
घड्याळ पेपर चालू असतानाच बंद पडलं. लेकीचा वेळेचा अंदाज चुकला, शेवटचा मोठा प्रश्न राहिला. मुळात चूक शाळेची. भिंतीवर एक घड्याळ लावायला काय होतं? लेकीला विचारलं, थांबलेलं दिसलं नाही का?
ती म्हणाली, "दिसलं ना बाबा. पण तू किल्लीला हात लावू नको म्हणाला होतास."
लाज वाटली.

११ मार्च
दुसरा पेपर. सगळ्यांच्या आधी उठलो. किल्ली दिली, वेळ लावली, घड्याळ लेकीच्या कंपासपेटीशेजारी ठेवलं. कंपासपेटी घेऊन गेली. हातात प्लास्टिकचं होतं.
लेख छापून आलाय. संपादक म्हणाले, अगदी मनापासून उतरलाय.
घड्याळ अजून टेबलावरच आहे. वेळ अगदी बरोबर दाखवतंय.