दौरा

अण्णा, टीव्हीला जोडून खेळायचा नवा व्हिडिओ गेम घ्यावा की नाही, यावर आमच्याकडे बरेच दिवस खल चालला होता. घ्यावा म्हणणारे दोघं, तुमचे जावई आणि तुमची नात. नको म्हणणारी मी एकटी. तुम्ही दोघांनाही पाहिलेलं नाही, तेव्हा सांगते. हे इथल्याच जुन्या मराठी घराण्यातले. कुठल्याशा काळी कारकुनी करायला आलेले यांचे पूर्वज झाशीतच रुजले, आणि आता घरात चार ठेवणीतले मराठी शब्द आणि बाकी सगळी हिंदी, असा कारभार आहे. हे बँकेत आहेत. स्वभावानं सरळ, थोडे हौशी. इलाइट चौकातल्या दुकानात कुणाला तरी हात हवेत हलवून टेनिस खेळताना यांनी पाहिलं आणि ध्यासच घेतला. "अगं, बच्ची दिवसभर मोबाइलमध्ये घुसलेली असते. यात तिघं मिळून तर बसू. तुझेही हात-पाय हलतील जरा." यात चुकीचं काय आहे? मी म्हणाले, अभ्यास बुडेल. मी म्हणाले, डोळे बिघडतील. पोरगी वर्गात पहिल्या पाचांत असते, त्यामुळे माझं म्हणणं कुणी मनावर घेतलं नाही. खरं कारण मी सांगितलंच नव्हतं. खरं कारण तुम्ही आहात.

आपल्या घरातला तो विनोद तुम्हाला आठवत असेल, तुम्हीच तर तो पाहुण्यारावळ्यांना रंगवून सांगायचात. आई लग्न होऊन साताऱ्याहून रेल्वे कॉलनीत नवी नवी आलेली. तुम्ही सिग्नलचे इन्स्पेक्टर, आठवड्यातले निम्मे दिवस लाइनीवर, दौऱ्यावर. एकदा दुपारी शेजारच्या काकू धावत आल्या, "भाभीजी, भाईसाहब को दौरा पड़ा है, प्लेटफॉर्म पर." आई पोळ्या लाटत होती. तिनं हसून सांगितलं, "हाँ जी, मालूम है. परसों आएँगे." आणि पुढची पोळी लाटायला घेतली. इथल्या भाषेत दौरा म्हणजे फिट, झटका, हे तिला कुठून ठाऊक असणार? तुम्ही हे सांगताना काकूंचा पडलेला चेहरा करून दाखवायचात, आईचा लाटणं धरलेला हात दाखवायचात, आणि ऐकणारे पोट धरून हसायचे. मग प्लेटफॉर्मवर नेमकं झालं काय होतं, हे कुणी विचारत नसे. विचारलंच तर तुम्ही म्हणायचात, "झाशीचं ऊन, चक्कर आली." मीही हसायचे. हसता हसता एक गोष्ट झाकली जाते आहे, हे मला आठवीत गेल्यावर कळलं.

सकाळची वेळ आहे. तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसून चहा पिताय, मी दप्तर भरतेय. तुमच्या हातातून कप उडतो. सकाळी तुमच्या हातून वस्तू पडायच्याच, कधी कंगवा, कधी दाढीचा ब्रश, आणि आई म्हणायची, "सुटला वाटतं हात." त्या दिवशी मात्र कपामागून तुम्हीही गेलात. डोळे वर, दात घट्ट, टाचा फरशीवर आपटतायत. आई घाबरली नाही, याचीच मला जास्त भीती वाटली. तिनं पाट बाजूला सरकवला, तुम्हाला कुशीवर वळवलं, डोक्याखाली आपला पदर गोळा करून दिला आणि नुसती वाट पाहत बसली. मी शेजारच्या काकूंना बोलवायला दारापर्यंत पोचले होते. आई तिथूनच म्हणाली, "कडी लाव." संध्याकाळी तुम्ही मला अंगणात बोलावलंत. मला वाटलं जवळ घ्याल. तुम्ही इतक्या कडक आवाजात कधी बोलला नव्हतात. "कुठे निघाली होतीस? गावभर करायला? लाइनीवरचं काम काढून घेतील माझं, कळतं का? झाकली मूठ सव्वा लाखाची. हे घराबाहेर गेलं तर बाप उरणार नाही तुला." मी मान हलवली. मला वाटलं, बोलले तर तुम्ही मराल.

दोन-चार दिवसांनी तुम्ही मानिक चौकातून व्हिडिओ गेम आणलात. काळा डबा, दोन रिमोट, पिवळी कॅसेट. कॉलनीत कुणाकडे नव्हता. मी मागितलाही नव्हता. कशाबद्दल तो मिळाला हे आपल्या दोघांनाही ठाऊक होतं, आणि तरी मी हरखून गेले. मुलं माझ्या मागेपुढे करू लागली. तुम्ही मात्र कधी खोलीत येऊन बसला नाहीत. दारात उभे राहायचात, एका डोळ्यावर तळवा धरून, आणि विचारायचात, "कोण पुढे आहे?" तो तळवा मला नवा नव्हता. ओरछ्याच्या पुढे गाडी बेतवा नदीच्या पुलावर चढली की लोखंडी तुळयांमधून ऊन आणि सावली भराभर तोंडावरून सरकायला लागायची, तेव्हाही तुम्ही तसाच हात धरायचात. मी कारण विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "नदीला एकाच डोळ्यानं बघावं. दोन्हींनी बघितलं तर ती बोलावते." मी तुमचं बघून पुलावर डोळा झाकायचे. मला तो खेळच वाटायचा.

मग तो रविवार. मीच हट्ट केला, एक डाव माझ्याशी खेळाच. का कोण जाणे, तुम्ही बसलात. मोटारींची शर्यत होती. तुम्ही छान चालवत होतात, दोन्ही डोळे उघडे, लहान मुलासारखे पुढे झुकून. मग तुमची मोटार कडेच्या भिंतीला घासायला लागली. मी ओरडले, "अण्णा, वळवा ना." ती वळेना. भिंतीला घासत, ठिणग्या उडवत तशीच पुढे जात राहिली, कारण तुमचं बोट बटनावरून निघत नव्हतं. आई आतून आली. ती आधी तुमच्याकडे आली नाही, आधी तिनं टीव्ही बंद केला, आणि मग तुमच्याकडे वळली. म्हणजे तिला माहीत होतं, अण्णा. लकलकत्या उजेडानं होतं, एक डोळा झाकला की टळतं, हे तिला माहीत होतं, तुम्हालाही माहीत होतं. दुसऱ्या दिवशी डबा घरात नव्हता. तुम्ही म्हणालात, बिघडला.

तुम्ही गेलात ते उन्हाळ्यात, लाइनीवर, त्याच पुलाच्या अलीकडे. पाय घसरला, असं सांगितलं गेलं. लोक भेटायला आले तेव्हा आई भिंतीला टेकून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "दौरे में गए, जी. दौरे में ही गए." मला वाटलं, ती म्हणतेय कामावर असताना गेले. कॉलनीतल्या बायका मात्र एकमेकींकडे पाहून हळूच माना हलवत होत्या, आणि शेजारच्या काकूंनी आईचा हात हातात घेतला. तेव्हा मला समजलं की आपल्या मुठीत काही उरलं नव्हतं. सगळ्या कॉलनीला ठाऊक होतं, केव्हापासून ठाऊक होतं, आणि तुम्हाला संकोच नको म्हणून कुणी बोललं नव्हतं. शेजारी झाकत होते, आपण झाकत होतो, आणि डॉक्टरकडे जायचं तेवढं राहून गेलं. आई तोपर्यंत इथली हिंदी उत्तम बोलायला लागली होती. ती नेमकं कोणत्या दौऱ्याबद्दल बोलत होती, हे मी तिला कधी विचारू शकले नाही. पुढे माझं लग्न ठरताना यांच्या घरच्यांनी विचारलं, घराण्यात काही दुखणं? ती पटकन म्हणाली, काही नाही, सगळे धडधाकट. मी तिच्या शेजारीच बसले होते.

मला तुमचा राग येतो, अण्णा. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण येतो. गोळ्या तेव्हाही मिळत होत्या. फार तर ऑफिसात टेबलाशी बसवलं असतं तुम्हाला, पगारही थोडाफार घटला असता, पण संध्याकाळी घरी आला असतात. तुमची नात तुम्हाला अण्णाआजोबा म्हणाली असती.

तिच्याबद्दल सांगायचं आहे. गेल्या थंडीत मी तिला स्कूटरवर मागे बसवून सदर बाजारात निघाले होते. कँटोन्मेंटच्या रस्त्याला झाडांची रांग आहे, त्यातून तिरपं ऊन येत होतं. आरशात पाहिलं तर पोरीनं एका डोळ्यावर तळवा धरला होता. मला स्कूटर बाजूला घ्यावी लागली. तिला हे कुणी शिकवलं? मी पुलावरचा खेळ तिला कधी सांगितलेला नाही, तुमचा एक फोटो सोडला तर तुम्ही तिला माहीतच नाही. मी म्हटलं, काय गं? ती म्हणाली, "कुछ नहीं आई, धूप चुभते." त्यानंतर मी बघायला लागले. नाचाच्या कार्यक्रमात दिवे लकलकायला लागले की तळवा वर. सकाळी वेणी घालताना कंगवा हातातून उडतो. घरात सगळे तिला धांदरट म्हणतात, हे तर तिला लाडानं "गिरापडा" म्हणतात. मीही हसते.

या शुक्रवारी सकाळी दुधाचा पेला तिच्या हातातून सुटला. घरात आम्ही दोघीच होतो. मी फरशी पुसता पुसता, वर न बघता विचारलं, "बाळा, तुला कधी असं झालंय का, की मधलं काही आठवत नाही?" तिनं सांडलेल्या दुधातून पाय मागे घेतला. मग म्हणाली, "तुला कोणी सांगितलं?" कोचिंगमध्ये झालं होतं, अण्णा. बाथरूममध्ये पडली होती, जागी झाली तेव्हा जीभ चावलेली होती, तोंडात रक्त. मैत्रिणीनं उठवलं. "मी तिला बोलले, किसी को मत बताना." मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? "तू डर जाती, आई." माझ्या हातातलं फडकं तसंच राहिलं. मी म्हटलं, मग तो गेम तुला कशाला हवा होता? तू का हो हो करत होतीस पप्पांबरोबर? तिनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच लहान आहे. "नाही म्हटलं असतं तर पप्पांनी विचारलं नसतं का, का नको? मी एक डोळा झाकून खेळेन ना. पता भी नहीं चलेगा." मग माझा हात धरून म्हणाली, "पप्पांना नको सांगू. ते मला कहीं जाने नहीं देंगे. प्लीज, आई." तिला ना तुमची ती म्हण ठाऊक आहे, ना कुणी तिला अंगणात बोलावून दटावलं आहे. तरी तिला सगळं आपोआप येतं. आणि मी काय केलं असेल? मी हो म्हणाले.

आज सगळं माहीत आहे मला. औषधं आहेत, डॉक्टर आहेत, गोळी घेऊन माणसं नोकरी करतात, संसार करतात. हे समजूतदार आहेत, मी एक शब्द बोलले तर उद्या सकाळीच तिला घेऊन निघतील. मी शाळेत मुलांना दिवसभर ओरडून शिकवते, माझी जीभ काही जड नाही. पण तो शब्द ओठांवर आला की मला अंगणातला तुमचा आवाज ऐकू येतो, बाप उरणार नाही तुला. बाप तर उरलाच नाही. मग मी अजून कुणाला वाचवते आहे?

डबा काल संध्याकाळी आला. यांनी आम्हा दोघींना चकित करायचं म्हणून न विचारताच मागवला. काल उघडला नाही, म्हणाले, रविवारी सगळे असताना उघडू. आज रविवार आहे. बाहेरच्या खोलीत टेप फाडल्याचा आवाज येतो आहे, हे तिला वायर कुठे लावायची ते विचारतायत, आणि ती हसून सांगते आहे. दोनदा मला हाक मारून झाली. मी म्हटलं, आले, शाळेचं थोडं काम आहे. तुम्हाला काही सांगावं म्हणून मी हे लिहायला बसले नाही, अण्णा. जितका वेळ लिहीत राहीन तितका वेळ त्या खोलीत जाऊन बोलावं लागणार नाही, एवढ्यासाठी बसले. आता टीव्ही सुरू झाला आहे. उठते.