ओब्दुलियाची शंभरी

बायामोन,
२ जून २०२४

ती. ओब्दुलिया आत्यास,
नेरेइदाचा सा. न. वि. वि. आधी आशीर्वाद दे, मग पुढचं वाच. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि तू जे ओरडतेस ते मला ऐकवत नाही, म्हणून पत्रच बरं.

५ सप्टेंबरच्या तुझ्या शंभरीची तयारी जोरात आहे. चौकात मांडव उभा राहील. गावातली सगळ्यांत वयस्क बाई म्हणून महापौर तुला मानाच्या खुर्चीत बसवणार आहेत. डुक्कर भाजायला सांगितलंय. तुरीच्या दाण्यांचा भात मी करीन, आणि पातेल्याची खरपुडी तुझीच, त्यावर कुणी हात मारणार नाही.

माझी भेट म्हणजे आपल्या घराण्याचा वंशवृक्ष, चांगला भिंतभर. त्यासाठी हल्ली मी जुन्या शिरगणतीची पानं कॉम्प्युटरवर बघत बसते. काल १९३० सालचं आपलं घर सापडलं! आजोबा तेलेस्फोरो, आजी बाल्बिना, नऊ वर्षांचे माझे बाबा एलिहियो, आणि खाली तू. इतका आनंद झाला म्हणून सांगू. फक्त एक गंमत आहे. तुझं वय दोन लिहिलंय. १९२४ चा जन्म म्हणजे पाच हवं ना? तुला काही आठवतं का?

तुझी लाडकी,
नेरेइदा

आदहुन्तास,
१० जून

चि. नेरेइदास,
अनेक उत्तम आशीर्वाद. मागितलास तो दिला. देव तुला सुखी ठेवो, आणि उरली असेल तर थोडी अक्कलही देवो.

मी दोन वर्षांची? अगं, तो शिरगणतीवाला आमच्या डोंगरावर चढलाच नसणार! खाली दुकानात कॉफी ढोसत बसला असेल आणि दुकानदाराला विचारून पोरांची वयं लिहिली असतील. माझा जन्माचा दाखला बिस्किटांच्या डब्यात आहे, शिक्क्यासकट. ५ सप्टेंबर १९२४. हवा तर येऊन बघ.

आणि हे कुणाजवळ बोलू नकोस. समोरच्या प्रोविदेन्सियाला अठ्ठ्याण्णव आहेत. सत्तर वर्षं मी तिला पोरी म्हणत आले, पोरी जरा सरक म्हणत चर्चच्या पहिल्या बाकावरची कडेची जागा घेत आले. तिला तुझ्या त्या दोनाचा वास लागला, तर ती बाई दात नसताना दात काढील. मानाची खुर्ची गेली तर एक वेळ चालेल, पण प्रोविदेन्सियासमोर मान खाली घालणं मला जमायचं नाही. तुझं पत्र मी फाडलंय. तूही हे फाड.

गुडघा बरा आहे. केळीला घड छान लागलाय, पण कोंबड्या संपावर आहेत.

तुझी आत्या,
ओब्दुलिया

बायामोन,
१९ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. आशीर्वाद दे, रागावली असलीस तरी दे.

गप्प बसायचं ठरवलं होतं, पण राहवेना. १९४० चं पानही काढलं. तिथे तू बारा वर्षांची आहेस. दहा वर्षांच्या अंतरानं आलेले दोन शिरगणतीवाले एकाच दुकानात कॉफी प्यायला बसले, हे काही पटत नाही गं. तुझा दाखला खरा, ही पानंही खरी, मग चुकलं कोण?

वंशवृक्षावर मी कुणाचंच वय लिहीत नाही. शंभरी तुझी, शब्द तुझा. तू म्हणालीस तर मी मूग गिळून बसेन आणि महापौरांच्या शेजारी उभी राहून सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या वाजवीन. मला तू हवी आहेस, आकडा नको.

तुझी,
नेरेइदा

आदहुन्तास,
३ जुलै

चि. नेरेइदास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून डोकं फिरलं. तडक पाद्रीबुवांकडे गेले आणि म्हटलं, काढा चर्चची वही आणि माझ्या भाचीचं तोंड बंद करा. त्यांनी काढली. सप्टेंबर १९२४, ओब्दुलियाचा बाप्तिस्मा. मी म्हटलं, बघा! पण त्या भल्या माणसाला पानं चाळायची खोड. मार्च १९२६ मधलं दफन निघालं. तेलेस्फोरो आणि बाल्बिना यांची मुलगी ओब्दुलिया, वय दीड वर्ष. मग फेब्रुवारी १९२८, पुन्हा बाप्तिस्मा, पुन्हा ओब्दुलिया. ती मी.

गेलेल्या लेकराचं नाव पुढच्याला द्यायचे आमच्याकडे. आणि माझ्या बाबांना तू ओळखत नाहीस. नाव तेच, आईबाप तेच, दाखला घरात पडलेला, मग खेचरावरून दिवसभराची वाट उतरून नवा कशाला काढायचा? तिचा कागद मला दिला, मिटलं. त्याच कागदावर मी शाळेत गेले, लग्न केलं, मतं दिली.

तिथेच बसल्याबसल्या मला आईची खीर आठवली. दर ५ सप्टेंबरला ती नारळाच्या दुधात तांदळाची घट्ट खीर करायची आणि दोन ताटल्या भरायची. एक मला, एक खिडकीत. ती कुणाची म्हणून विचारलं की म्हणायची, देवदूताची. आईची पाठ वळली की मी तीही फस्त करायची. आई बघायची, पण एकदाही रागावली नाही. नुसती एप्रनच्या टोकानं डोळे पुसायची. मला वाटायचं, चुलीचा धूर लागला. नेरेइदा, बहिणीचा घास मी खात होते गं, आणि आई मला खाऊ देत होती. मला फार रडू आलं.

रविवारी मी पहिल्या बाकाशी गेले आणि प्रोविदेन्सियाला म्हटलं, तू मोठी, मला आशीर्वाद दे. बहिरीला तीनदा सांगावं लागलं. मग तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला, आशीर्वाद दिला आणि लगेच म्हणाली, पोरी, जरा सरक. सरकले. करते काय?

आता ऐक. मांडव, डुक्कर, वाजंत्री, काही रद्द करायचं नाही. महापौरांना मी कळवलंय, खुर्ची प्रोविदेन्सियाला द्या. वंशवृक्षात एलिहियो आणि मी यांच्यामध्ये थोरल्या ओब्दुलियाला जागा कर. केकवरचं नाव बदलू नकोस, शंभरचा आकडाही राहू दे. ५ सप्टेंबरला ओब्दुलियाला शंभर होताहेत हे खरंच आहे, आणि आजवर आईखेरीज तिचा एकही वाढदिवस कुणी केलेला नाही. खीर मी करीन. दुसरी ताटली खिडकीत ठेवीन आणि तिच्यावर मीच पहारा देईन. माझी शंभरी २०२८ मध्ये बघू. तोवर एखादं डुक्कर पाळून ठेव.

लोभ आहे तसाच राहू दे, येताना नारळ मात्र जास्त आण.

तुझी आत्या,
ओब्दुलिया (धाकटी)