उंदरांसाठी लवकर लावलेली उदबत्ती

त्सुकुबा, मार्च

प्रिय आई,

इथली थंडी ओसरली. तुझा खोकला ओसरला का? मी बरी आहे, वेळेवर जेवते.

प्रयोगात मेलेल्या उंदरांसाठी आमच्या प्रयोगशाळेत दर शरदात उदबत्ती लावून हात जोडतात. यंदा कालच लावली.

"सर, एवढी घाई का?"

"चिनात्सु, उदबत्ती लाव, अर्थ नको लावूस," हासेबे सर हसून म्हणाले.

कार्बनच्या सूक्ष्म नळ्यांतून दिलेल्या औषधाने उंदरांच्या गाठी विरल्या, असं तुला कळवलं होतं. तेच उंदीर पुढे धापा टाकत मेले.

पुढच्या सोमवारी तुझ्या छातीतल्या गाठीसाठी तुला तेच औषध टोचणार आहेत. डॉक्टरांना नाही म्हणणं तुला उद्धटपणा वाटतो. तरी म्हण. मी येतेच आहे.

बाबांनी मुळे खारवले का? माझ्या हाताला लागलेला उदबत्तीचा वास जात नाही.

तुझीच,
चिनात्सु