सुरुंगासाठी थांबलेली कविता

गुरुवार, संध्याकाळ

धडाम्! गडहिंग्लजला आमच्या शाळेमागं दगडाची खाण होती. आधी शिट्टी वाजायची. आम्ही कवितेची ओळ अर्धी सोडून कानात बोटं घालायचो. सुरुंग उडाला की तीच ओळ पुढं चालू. आज दिवसभर तोच आवाज कानात.

नात मृणाल इथं शहरात माझ्याकडं राहून शिकली. तिला नागपूरला मायनिंग इंजिनिअरिंगला जागा मिळालीय, परवापर्यंत तिथं जाऊन प्रवेश घ्यायचाय. आणि माझा मुलगा गडहिंग्लजहून फोनवर गरजतो, "पोरगीला खाणीत घालायची न्हाय!"

"आजोबा, तुम्ही समजवा की त्यांना."

समजावलं. त्यानं फोनच ठेवला. मग हिचं मन रमवावं म्हणून ती थांबलेली कविता सांगितली, तर म्हणते, "शिट्टी किती आधी वाजायची हो? माणसं कुठं थांबायची?" मी जन्मभर ती अर्धी ओळ घेऊन बसलो, हिला खाणीतली माणसं दिसली! हिनं जायलाच हवं. पण नेणार कोण? माझे गुडघे?

एवढं लिहितोय तोवर दार वाजलं. सूनबाई! मृणालची आई, कधी एकटी एसटीत न बसलेली. हातात पिशवी.

"मामंजी, ह्यांना इचारलं न्हाय, सांगून आलोय. पोरगीला मीच न्हेतो."