मंदाक्रांतेसाठी चादर

धुळे, वैशाख शुद्ध द्वितीया, शके १८५३. तिन्हीसांज.

कर्र, कर्र. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला माहेरी झोके घ्यायला गेलेल्या हिला शिरपूरहून आणायला गेलो, तेव्हा निंबाच्या फांदीचा झोका असाच वाजत होता. आज दिवसभर तोच आवाज कानांत.

उद्या अक्षय्यतृतीया, पुन्हा आखाजी, आणि साठीची ही बाई रुसून माहेरी! कारण माझी पाखरं, रात्री दिव्यावर झेपावणारी. पाहुण्यांसाठी जपलेली तिची पांढरी चादर मी बागेत कंदिलामागे टांगली. उजेडावर पाखरं आली, छान बसली, पण काजळीही चादरभर बसली. "आता पाखरांशीच संसार करा," म्हणाली नि भावाच्या गाडीत चढली.

आज नुसत्या भिंतीपुढेच कंदील ठेवला. पाखरांची खरी नावं मला कुठली ठाऊक? शाळेत घोकलेल्या वृत्तांचीच देतो. संथ उतरते ती मंदाक्रांता, सळसळत येतं ते भुजंगप्रयात. दोन्ही आली, वहीत टिपली. पण वाचून दाखवू कोणाला? "हं, मग पुढे?" असं जांभई देत विचारणारं माणूस हवं ना. आणायला जावं का? या वयात? गेलो आणि नाहीच आली तर?

कर्र. इथवर लिहिलं आणि पुन्हा तोच आवाज. पण हा झोका नव्हे, आपलं फाटक.

ही! सणाच्या आदल्या दिवशी माहेर सोडून! काखेतलं गाठोडं माझ्या हातात कोंबत म्हणाली, "हाई ल्या, भाऊनं जुनं धोतर शे. आते यावर बसाडा तुमनी मंदाक्रांताले."