कोरांटीच्या दशा

सोलापूर,
मार्गशीर्ष, थंडी पडली आहे

चि. महानंदास,

थोरल्या भावाचे केमच्या उंबऱ्यापर्यंत पुरून उरतील एवढे आशीर्वाद. गुडघा कसा आहे? तेल लावतेस की बाटलीलाच रोज नमस्कार करतेस? इकडे सगळं ठीक. तुझी वहिनी केराबाई माझ्यावर चिडलेली आहे, म्हणजे तिचीही तब्येत उत्तम.

पत्राला कारण कोरांटी. ज्ञानबाराव तुला एकटीला मागं ठेवून देवाघरी गेले तेव्हापासून तू केमची वेस ओलांडली नाहीस. राखीलाही मीच आलो. तेव्हा तू म्हणालीस, "दादा, मी दिलेली जांभळी कोरांटी थंडीत फुलली की बघायला येते." तेवढ्या शब्दावर मी झाडाला पोरासारखं जपलं. भाद्रपदात कमरेएवढं झालं. पण मग दसऱ्याची साफसफाई आली. घरातल्या सगळ्या वाकळा-चादरी धुऊन केराबाईनं अंगणात वाळत घातल्या, आणि तुला माहीतच आहे, चादरीच्या कारखान्यात सुटलेले धागे कापण्यात माझी हयात गेली. लोंबतं काही दिसलं की हात शिवशिवतात. (केराबाई म्हणते, माझ्या मिशा राहिल्या हेच नवल.) चादरींच्या दशा, म्हणजे कडेचे लोंबते धागे, कातरून नीट केल्या आणि त्याच कात्रीनं कोरांटीचीही कड सरळ करून टाकली. चौफेर, एका मापात! लांब उभा राहून कौतुकानं बघत होतो, तेवढ्यात शेजारची चांदबी भिंतीवरून म्हणाली, "भाईसाब, झाड हाय का चादर? कळ्या धरणारे शेंडेच कापले की तुमी!"

तेव्हापासून राख घातली, ताक घातलं. पानं लई आली, कळी एक नाही. चांदबीची कोरांटी मात्र भिंतीवरून आमच्याकडे वाकून हसते आहे. केराबाईनं परवा तिची फुलं मागून आणून दोऱ्यानं आमच्या झाडाला बांधून बघितली (तुझ्यासाठी). दुपारपर्यंत झाड लग्न उरकलेल्या मांडवासारखं दिसू लागलं. सोडून टाकली. तू लहानपणापासून कोरांटीचे गजरे केलेस, तुला कोण फसवणार?

तेव्हा यंदा येऊ नकोस. उगाच दगदग. पुढच्या थंडीत बघू.

तुझा,
बिभीषणदादा

ता.क. वरचं केराबाईला वाचून दाखवलं. म्हणाली, "येऊ नको म्हून कुटं लिवत्यात व्हय? अक्कल बी कातरली का?" तर ये. येताना तुझ्या झाडाची एक फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून आण आणि तुझ्याच हातानं लाव. माझ्या हातात केराबाई आता कात्री देत नाही, फांदी कुठली देणार!

ता.क. थंडीत फांदी लवकर जीव धरत नाही. नवं पान फुटेपर्यंत पाणी घालायला लावणारानंच थांबावं लागतं, असं चांदबीचं म्हणणं आहे. (मीच तिला म्हणायला सांगितलं.)

ता.क. तुझी माहेरची वाकळ उन्हात घातली आहे. कडेचे धागे पार सुटलेत. हात लावलेला नाही.