मिस अनुपमा, नागपूरवाली

अकोला, ३ नोव्हेंबर १९६१
पब्लिक टॉकीजकडे वळली. काल आमच्या खडी गंमतीच्या खेळाला पुढच्या दोनच रांगा भरल्या. बाईची कामं गेली वीस वर्षं धर्मपालकडे. तो लुगडं नेसून गायला लागला की म्हातारे अजून डोळे पुसतात. पण पोरांना खरी बाई पाहिजे. उपाय एकच, पब्लिसिटी. आजपासून पार्टी मॉडर्न.

५ नोव्हेंबर
हँडबिलं छापायला दिली. 'प्रथमच रंगमंचावर खरी स्त्री. मिस अनुपमा, नागपूरवाली.' बाई अजून ठरलेली नाही. ठरेल.

११ नोव्हेंबर
नागपूरच्या लीलाबाईंचा नकार आला. मोर्शीची पार्बताबाई नवऱ्याला विचारून सांगते म्हणाली. नवराच काठी घेऊन आला. बाकी तयारी उत्तम.

१४ नोव्हेंबर
मार्ग निघाला. मिस अनुपमा धर्मपालच होणार. लायटिंग कमी ठेवू. त्याला सांगितलं तर म्हणाला, लोकायले माहीत होतं मी गडी आहो, तरी थे रडत. आता त्यायले फसवाचं काहून? कलावंत हळवे असतात. समजूत काढली. जेवला नाही. मंगळवारचा उपास असावा.

तिवसा, १९ नोव्हेंबर
रेकॉर्ड गर्दी. दिवसभर टांग्यातून लाउडस्पीकर फिरवला होता. दुसऱ्याच गाण्याला कोणीतरी ओरडलं, अबे, हा तं धर्मपाल व्हय. एकजण स्टेजवर चढला, पदर ओढला. केसांचा टोप त्याच्या हातात. सगळे हसले. म्हातारे तेवढे मान खाली घालून उठून गेले. धर्मपालनं उघड्या डोक्यानं गाणं पुरं केलं, मग आत गेला. पब्लिसिटीच्या दृष्टीनं वाईट नाही. गावभर आमचंच नाव.

२० नोव्हेंबर
धर्मपाल दिसत नाही. फिरायला गेला असेल. त्याची ट्रंकही दिसत नाही. ढोलकीवाला डोमाजी म्हणतो, पहाटेच्या मोटारीनं गेला. येईल. जाणार कुठे?

परतवाडा, २ डिसेंबर
खेळ रद्द. थंडी फार.

अमरावती, १७ डिसेंबर
धर्मपाल इथे जिनिंगमध्ये कापूस तोलतो असं कळलं. मॅनेजरनं स्वतः जाणं शोभत नाही, पण गेलो. नव्या हँडबिलाचा मजकूर वाचून दाखवला. 'खास लोकाग्रहास्तव, श्री. धर्मपाल.' त्यानं ऐकून घेतलं, चहा पाजला. मिशी ठेवली आहे. मी म्हटलं, मिशीचं काय, पाच मिनिटांत निघते.
हाव भाऊ, म्हणाला. पण ठेवाले वीस वर्सं लागले.
तेवढ्यात काट्यावर कापसाची गाडी आली. मला बाजूला व्हावं लागलं.